तिसरं एकमत

लोहारा, जि. धाराशिव
३ जानेवारी २०२४

केशरबाई तात्याराव ओव्हाळ
मु. पो. ईट, ता. भूम

विहीणबाई,

जय भीम. सप्रेम लिहीत नाही, कारण खोटं लिहायची मला सवय नाही.

हातात फोन असताना ही बाई रजिस्टर पोस्टानं पत्र का धाडते, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगते. फोनवर तुम्ही आधी रडता, मग ओरडता, आणि माझा मुद्दा आला की फोन तात्यारावांच्या हातात देऊन चुलीकडे निघून जाता. ते बिचारे नुसतं 'हां, हां' करतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणता, असं मी बोललेच नव्हते. कागदावर तसं करता येत नाही. तेव्हा यापुढे तुमचं-माझं जे काही बोलणं होईल ते लेखी होईल.

माझी सून पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी तुमच्याकडे आली ती हसत, चालत आली. ऑपरेशन होऊन मुलगी झाली, मायलेकी सुखरूप होत्या. बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना माझ्यादेखत सांगितलं होतं की श्रावस्तीला रोज चालवा, पाणी भरपूर द्या, एका जागी पडू देऊ नका. तुम्ही मान हलवलीत. मी पाहिलं आहे. आणि ईटला नेल्याबरोबर सव्वा महिना उठायचं नाही म्हणून तिला बाजेवर आडवी केलीत. खाली शेगडी, अंगावर गोधडी, कानाला फडकं. पाणी घोटभर, तेही ओव्याचं, कारण जास्त पाणी प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं म्हणे.

मग डावा पाय सुजला. पोटरी दगडासारखी झाली. त्या वेळी गाडी काढायची सोडून तुम्ही वाटीत तेल गरम केलंत आणि पोटरी चोळत बसलात. आत शिरेमध्ये रक्ताची गाठ धरली होती, विहीणबाई. तिचा तुकडा सुटला आणि फुप्फुसात जाऊन अडकला. पोरीला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले, तेव्हा कुठे तुम्हाला बार्शी आठवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

आणखी एक. पाचवीच्या दिवशी पाटा मांडून सटवाई पुजलीत, हे मला माझ्या संघपालनं सांगितलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली पाटा-वरवंट्याला हळदीकुंकू! बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात हे चालतं, याची मला लाज वाटली.

शुक्रवारी तिला दवाखान्यातून सोडणार आहेत. ती ईटला येणार नाही. संघपाल गाडी घेऊन जाईल आणि तिला थेट इकडे आणेल.

क्षमा सरवदे
(निवृत्त मुख्याध्यापिका)

*

ईट
९ जानेवारी

लोहाऱ्याच्या मुख्याध्यापिकाबाईंना जय भीम.

पोस्टमन सही मागायला लागला तेव्हा वाटलं कोर्टाची नोटीस आली. गल्ली गोळा झाली. सगळ्यांसमोर पाकीट फोडलं, आणि निघालं तुमचं पत्र. नोटीस परवडली असती.

तुमचं पत्र पोचायच्या आधीच मी शुक्रवारी श्रावस्तीला घरी आणलं. संघपाल दवाखान्यात आला होता, पण तुमचा निरोप द्यायची त्याची छाती झाली नाही. पोरगं मान खाली घालून आमच्या गाडीमागं आपली गाडी घेऊन आलं, चहा प्यालं आणि गेलं. लेक माझ्याजवळ आहे. राहील.

मी सातवी शिकलेली बाई. पण माझी चार बाळंतपणं झाली आणि नणंदांची मी माझ्या हातानं केली. सगळ्या बाजेवर राहिल्या, सगळ्यांना शेक दिला, सगळ्यांचे पाय चोळले. एकीलाही काही झालं नाही. तुमच्या घरी सात महिन्यांची गरोदर असताना ही तहसीलमध्ये दिवसभर खुर्चीवर पाय लोंबकळत बसायची, जीपमध्ये दाटीवाटीनं यायची, ते कुणाला दिसलं नाही. दुखणं तिथंच धरलं असेल, वर आलं माझ्याकडे.

आणि रक्त गोठलं, रक्त गोठलं म्हणून जो तो मला धमकावतोय. अहो, रक्त गोठतं म्हणून माणूस जगतं. परवा ज्वारीच्या फडात विळा लागून माझं बोट फाटलं. हळद दाबली, घट्ट धरलं, थांबलं. थांबलं नसतं तर मी तिथंच गेले असते. आमच्या गल्लीत एक बाई बाळंतपणात रक्त जाऊन मेली. गाडी भूमला पोचेपर्यंत खालचं पोतं भिजलं होतं. तिचं रक्त गोठलं असतं तर तिची लेकरं आज आत्याच्या दारात वाढली नसती. मग गोठणं वाईट कधीपासून झालं? आता माझ्या बाळंतिणीला रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्यात. गोळ्या गरम आहेत, मला दिसतंय. तरी देते, कारण डॉक्टरीण डोळे वटारून सांगते.

तुम्ही बार्शीला आलात तेव्हा कुठं बसला होता, आठवतंय का? दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन. तिच्या उशाशी मी होते. नाकाला नळी लावलेली, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि माझा हात तिच्या हातात होता. त्या हातांनी मी तिला मारायला निघाले होते असं तुम्ही लिहिता. तुमच्या पत्राला आग लागो.

सटवाईचं म्हणाल तर पाटा मी मांडला, तो काढायला तुम्ही आला नव्हता. लेकराच्या बाबतीत मला कुठलीच कसर ठेवायची नव्हती. भांडायचंच असेल तर माझ्याशी भांडा, भिंतीवरच्या तसबिरीला मध्ये आणू नका.

केशरबाई ओव्हाळ

*

लोहारा
१६ जानेवारी

विहीणबाई,

जय भीम.

तुमच्या पत्रात शिव्या भरपूर आहेत, पण विळ्याचा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. माझ्या वर्गात एखाद्या मुलीनं तो विचारला असता तर तिला मी पुढच्या बाकावर बसवलं असतं. तुम्हाला उत्तर देते.

बोट कापतं तेव्हा शीर फाटलेली असते. गळती लागलेली असते. रक्तातले बारीक कण तिथं धावून जातात, एकमेकांना चिकटतात, त्यांच्यावर धाग्यांची जाळी बसते आणि बूच तयार होतं. हीच तुमची खपली. आत शीर सांधली गेली की शरीर ते बूच हळूहळू विरघळवून टाकतं. जिथं हवं तिथं, हवं तेवढंच आणि हवं तोवरच. या गोठण्याला कुणी वाईट म्हटलेलं नाही. ते नसतं तर आपण सगळे भाजी चिरताना मेलो असतो.

आता सांगा, श्रावस्तीच्या पोटरीला विळा लागला होता का? शीर फाटली होती का? गळतीच नव्हती, तरी बूच बसलं, आणि तेही नळाच्या आत. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून गरोदरपणातच बाईचं रक्त लवकर धरायला लागतं. तुमच्या गल्लीतल्या बाईला ती सोय पुरली नाही. श्रावस्तीच्या बाबतीत तीच सोय उलटली, कारण वर ऑपरेशन झालं, पाणी तोडलं आणि माणूस दिवसचे दिवस हललं नाही. पोटरी हलली की ती रक्त वर ढकलते. तुम्ही पोटरी हलूच दिली नाही, आणि हलवली तेव्हा गाठ धरल्यावर, तीही तेल लावून.

तुमच्या नणंदांना काही झालं नाही, हा पुरावा नव्हे. रस्ता न बघता ओलांडणारे रोज वाचतात.

संघपाल रविवारी येतो आहे. या वेळी त्याला चहा पाजून परत पाठवू नका. त्याच्यासोबत माझा पुतण्या महारुद्र आहे, तो मान खाली घालत नाही. मेथीचे लाडू, शेपूच्या जुड्या असलं काही बांधून देऊ नका. या गोळ्यांवर पालेभाज्या चालत नाहीत असं मी वाचलं आहे. माझ्या घरात हिरवं पान शिजणार नाही. तिला मी रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात चालवीन, आणि डॉक्टरांनी सांगितलेला शब्दन् शब्द पाळीन.

क्षमा सरवदे

*

ईट
२९ जानेवारी

जय भीम.

नेलीत लेक. तुमचा महारुद्र दारात असा उभा राहिला होता की जणू जप्ती आणलीय. गाडीत बसताना श्रावस्तीनं माझ्याकडे बघितलं आणि लेकराचं टोपडं सारखं केलं. मला रडायचं नव्हतं, तरी रडले.

शेपू आणि लाडू मी बांधून दिलेच. तुम्ही नको म्हणालात म्हणून तर दुप्पट दिले. बाळंतिणीनं रोज शेपू खाल्ला म्हणजे दूध येतं, हे तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही. इथं ती रोज खायची, दोन्ही वेळा, मागून घ्यायची. परवा एसटीच्या पार्सलमधून तीच पिशवी माझ्या दारात परत आली. शेपू वाळून पिवळा पडलेला, लाडवांचा डबा तसाच, झाकणाची चिकटपट्टी पण सुटली नव्हती. विहिणीचे लाडू परत धाडणारी बाई मी आजवर बघितली नव्हती.

तुम्ही लई शहाण्या असाल. पण त्या घरात माझ्या लेकराला भाजीच्या काडीसाठी तोंड वेंगाडावं लागत असेल, तर तुमचं शहाणपण तुमच्या फळ्यावर ठेवा.

दवाखान्याच्या कागदावर तिच्या रक्ताच्या तपासणीची तारीख लिहिलीय. तेवढी चुकवू नका. माझं ऐकू नका, कागदाचं ऐका.

केशरबाई

*

ईट
२२ फेब्रुवारी

बाई,

उत्तर नाही आलं तेव्हाच मी ओळखलं होतं.

आज संघपालचा फोन आला, सोलापुरातून. श्रावस्ती तिथं भरती आहे. पाय परत सुजला, मांडीपर्यंत. गोळ्या आठवडाभर बंद होत्या म्हणे. मी विचारलं, कुणी बंद केल्या? तर गप्प. तुमच्या पोराला गप्प बसायला तुम्हीच शिकवलं असणार.

कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या? डॉक्टरांचा शब्दन् शब्द पाळीन, असं तुमच्याच अक्षरात माझ्याकडे आहे. रजिस्टरनं आलेलं आहे, पाकिटावर शिक्का आहे. तुम्ही म्हणाला होता ना, कागदावर बोलणं फिरवता येत नाही? मग आता फिरवून दाखवा.

मी तेल लावलं तर खुनी. तुम्ही गोळ्या काढून घेतल्या तर कोण? पोरीला काही झालं तर मी लोहाऱ्याच्या चौकात उभी राहून तुमचं नाव घेईन. बायका-पोरं ऐकतील. तुम्ही ज्यांना शिकवलंत ती पण ऐकतील.

मी निघाले आहे सोलापूरला.

केशरबाई

*

लोहारा
२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुम्ही सोलापुरात वॉर्डाच्या दारात सगळ्यांसमोर मला जे बोललात, ते मी इथं लिहीत नाही. नर्सनं दोघींनाही बाहेर काढलं, आणि श्रावस्तीनं तोंड भिंतीकडे केलं, हे मात्र लक्षात ठेवा. मी तिथून थेट घरी आले. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

फिरवत नाही. गोळ्या मी बंद केल्या.

तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. आधी थोडं, मग थांबेना. दात घासले की हिरड्या लाल. अंगावरचं जाणं एवढं वाढलं की चादरी धुवायला मला शेजारणीला बोलवावं लागलं. दंडावर बोट टेकलं तरी निळा डाग उठायचा. बाळाला पाजता पाजता तिच्या नाकातला थेंब बाळाच्या गालावर पडला. तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं? ज्या गोळीनं रक्त पातळ होतं तीच गोळी पुढे करून 'घे' म्हणाला असता? रक्त थांबत नाही, तर रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची, एवढं साधं गणित मी केलं. गोळी थांबवली, रक्त थांबलं. मला वाटलं, जिंकलं. तपासणीला तिला बार्शीला न्यायचं होतं, पण त्या अवस्थेत प्रवास नको म्हणून तारीख मागे पडली.

गणित चुकलं. ते कुठं चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही. पण तुम्ही मला चुकलं म्हणायचं नाही. तुमच्याकडून तर मुळीच ऐकून घेणार नाही. तुमची पत्रं मी झेरॉक्स काढून फाईलला लावली आहेत आणि संघपालजवळ दिली आहेत. श्रावस्तीला बरं वाटलं की तीच वाचेल आणि ठरवेल, तिला कुणामुळे हे भोगावं लागलं.

क्षमा सरवदे

*

सोलापूर
५ मार्च

ती. आईस आणि ती. सासूबाईंस,

जय भीम.

एकच पत्र दोनदा लिहिते आहे. एक ईटला जाईल, एक लोहाऱ्याला. दोन्हींत एकच मजकूर आहे, एकमेकींना विचारत बसू नका.

सासूबाईंनी फाईल पाठवली. ते कळल्यावर आईनंही तिच्याकडची पत्रं संघपालच्या हाती दिली. मी सगळी वाचली. इथं पडून दुसरं काम नव्हतं. त्या पत्रांत माझा पाय आहे, माझी पोटरी आहे, माझ्या नाकातलं रक्त आहे, मी खाल्लेला आणि न खाल्लेला शेपू आहे. मी काय म्हणाले, ते मात्र एकाही पत्रात नाही. म्हणून मीच लिहिते.

आई, पोटरी ठणकायला लागली त्या सकाळी मी तुला म्हणाले होते, "आई, हे साधं दुखणं न्हाय. एकच पाय दुखायलाय, हात लावला तरी गरम लागायलाय. बार्शीला जाऊ." तू म्हणालीस, "बाळंतिणीला गाडीचं वारं लागंल. तेल लावते, उतरंल." तू तेल गरम करायला गेलीस तेवढ्यात मी लोहाऱ्याला फोन केला. सासूबाई शिकलेल्या आहेत, त्या आईला दटावतील, असं मला वाटलं. सासूबाई, तुम्ही म्हणालात, "बाळंतपणात पाय सुजतातच गं. संघपालच्या वेळी माझे दोन्ही सुजले होते. आई तेल लावते आहे ना? लावू दे." तुमच्या पहिल्या पत्रात सगळं आहे, शेगडी आहे, पाटा आहे. हा फोन नाही.

मग लोहारा. सासूबाई, नाकातून रक्त आलं तेव्हा मी तुम्हाला म्हणाले, "आत्या, तुम्ही गोळी बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन लावा, तपासणी राहिलीय." तुम्ही गोळ्यांचं पाकीट कपाटात ठेवलंत आणि कुलूप लावलंत. मी न्हाणीत जाऊन आईला फोन केला. आई, तू म्हणालीस, "मी पहिल्यापासनं म्हणायलेय, गोळ्या गरम हायेत. बरं केलं विहीणबाईनं. बंदच राहू दे." तुझं बावीस तारखेचं पत्र मी दोनदा वाचलं. गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या, असं तू त्यात विचारतेस.

तुमचं दोघींचं आजवर दोनदाच एकमत झालं, आणि दोन्ही वेळा मला दवाखान्यात यावं लागलं.

सासूबाई, तुमचं गणित कुठं चुकलं ते इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या गोळीचं आणि पालेभाजीचं वैर आहे हे खरं. भाजीत जे असतं त्यानं रक्त धरायला मदत होते, गोळी त्याच्या उलट ओढते. पण बार्शीत गोळीचं माप ठरलं तेव्हा मी दोन्ही वेळा शेपू खात होते. त्या शेपूला पुरेल एवढी गोळी होती ती. तुम्ही भाजी एकदम तोडलीत, गोळी तेवढीच राहिली, म्हणून ती जास्त पडली आणि रक्त थांबेना. भाजी बंद करायचीच नव्हती, रोज सारखी ठेवायची होती. तपासणीला गेलो असतो तर एका सुईत कळलं असतं, आणि माप कमी झालं असतं. तुम्ही गोळीच तोडलीत. पायातली जुनी गाठ तिथंच होती, ती परत वाढायला लागली. डॉक्टर म्हणाले, रक्तानं वाहायला हवं आणि वेळेला थांबायलाही हवं, या दोन्हींच्या मधली वाट फार अरुंद असते. त्या वाटेवर मला एकीनं इकडून ढकललं, एकीनं तिकडून.

मला तुमचा राग आला आहे. तो लपवत नाही. ईटला श्वास अडकला तेव्हा लेक माझ्या शेजारी झोपली होती. मला वाटलं, मी आता जाते, आणि हिला कोण वाढवणार यावरून या दोघी माझ्या मातीच्या दिवशी भांडतील. ती भीती अजून जात नाही. रात्रीचं सोडा, दिवसाही जात नाही. सोलापुरात तुम्ही दाराशी भांडलात तेव्हा मी खरंच तेच बघत होते.

म्हणून ठरवलं आहे. इथून मी ईटलाही येणार नाही आणि लोहाऱ्यालाही नाही. धाराशिवला दवाखान्याजवळ खोली घेतली आहे. संघपालनं सुट्टी टाकली आहे. दोन बायांच्या मध्ये मान खाली घालून बसल्याबद्दल त्यालाही माझं बोलून झालं आहे. भाजी मी रोज मुठीनं मोजून खाते, गोळी स्वतःच्या हातानं घेते. गोळ्या अजून बरेच महिने चालतील. तुमच्यापैकी कुणी यायचं नाही, फोन करायचा नाही.

तुम्हाला पत्रं लिहायची एवढी सवय लागली आहे, तर एक मला लिहा. त्यात सल्ला नको. एकमेकींचं गाऱ्हाणं नको. मला काहीतरी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. असं पत्र ज्या दिवशी येईल, त्या दिवशी नातीला बघायला या म्हणून मी निरोप धाडीन.

श्रावस्ती

*

ईट
१३ मार्च

विहीणबाई,

जय भीम.

म्हणजे तिनं तुम्हाला फोन केला होता, आणि तुम्ही 'तेल लावू दे' म्हणाला होता. आणि तरीही मला ते पहिलं पत्र लिहिलंत. मी वाचून ताट भिंतीवर फेकलं. मग माझाही फोन आठवला, आणि ताट उचलून धुतलं.

तिला पत्र लिहायला बसले. पहिली ओळ लिहिली, 'शेपू खा, पण मुठीपेक्षा जास्त नको.' फाडलं. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'खोली उघडी असेल तर पाय झाकून घे.' तेही फाडलं. तिसऱ्यात तर दुसऱ्याच ओळीत तुमचं नाव आलं. आमचे हे बघत होते. म्हणाले, "तुला सांगायला येतंय गं, इचारायला येत न्हाय."

लई लागलं ते. चोवीस वर्षांची झाली पोरगी, मी तिला 'जेवलीस का' एवढंच विचारत आले, आणि ती नाही म्हणाली तरी वाढत आले.

तुम्ही जन्मभर शाळेत प्रश्न विचारलेत. तुमचं पत्र गेलं असेल. काय लिहिलंत? मला तुमच्याकडून काही घ्यायला आवडत नाही, पण हे सांगा.

केशरबाई

*

लोहारा
१८ मार्च

विहीणबाई,

जय भीम.

गेलेलं नाही.

शाळेत मी तेच प्रश्न विचारले ज्यांची उत्तरं मला आधीच ठाऊक होती. मुलं चुकली की खोडायचे. दुसऱ्या तऱ्हेचा प्रश्न मला येत नाही, हे तुमचं पत्र वाचेपर्यंत मला माहीत नव्हतं. माझेही कागद फाडून झाले. एकात मी तिला गोळीचं वेळापत्रक आखून दिलं होतं, लाल-निळ्या शाईत.

तुम्ही पोटरी चोळलीत, हे मी विसरणार नाही. मी फोनवर काय म्हणाले तेही विसरणार नाही, आणि त्यामुळे तुमच्यावरचा राग कमी झालेला नाही, उलट त्यात भर पडली आहे. लाडवांचा डबा मात्र परत करायला नको होता. तेवढं चुकलं.

सोबत एक कागद आहे. त्यावर मी एक ओळ लिहिली आहे. एवढ्याच्यावर काही सुचलं नाही, आणि सुचलं ते सगळं सल्ला होतं. पटलं तर खाली सही करून धाराशिवला टाका. तिकीट लावलेलं उत्तराचं पाकीट आत ठेवलं आहे. नाही पटलं तर फाडा. तुम्हाला आता सवय झाली आहे.

क्षमा सरवदे

*

श्रावस्ती,

आता तुला काय होतंय?

क्षमा सरवदे

पोरी, माझी पण सही. हे आमचं तिसरं एकमत आहे. घाबरू नको, तेल गरम करायला ठेवलेलं नाही. खालचा सगळा कागद तुझ्यासाठी कोरा सोडलाय.

आई